गुंडाण्णाची खोबण

गुंडाण्णाच्या सदऱ्याच्या खिशात दुसरं काही असो नसो, शाळूचे दाणे कायम असायचे. शाळू म्हणजे आमच्याकडचा हिवाळी जोंधळा, टपोरा आणि गोल. गावाकडनं त्याचा भाऊ पोतं धाडायचा, त्यातली मूठभर हा खिशात टाकायचा. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्त्री येताजाता दाणे खातोय. तसं नव्हतं. लाकडात खोबण पाडून झाली, की आण्णा तिच्या एका टोकाला दाणा ठेवायचा, गुडघ्यावर बसायचा, गाल फुगवायचा आणि हळूच फुंकर मारायचा. दाणा न अडखळता पळत जाऊन दुसऱ्या टोकानं खाली पडला, तर खोबण पास. मधेच थबकला, जागच्या जागी डुलला, तर पटाशी पुन्हा हातात.

खोबण म्हणजे काय, हे सुतार नसलेल्यांसाठी सांगतो. कपाटाच्या उभ्या फळीला आडवी रुंद खाच पाडायची, आडव्या फळीची जाडी जेवढी तेवढीच रुंद, आणि मग ती फळी खाचेत सरकवायची. खिळा नको, सरस म्हणजे सुतारी डिंक, तोही नको. सांगायला सोपं आहे. करताना दोन्ही कडांना चाकूनं रेघ मारायची, रेघेच्या आतनं करवत घालायची, आणि मधलं लाकूड पटाशीनं दोन्ही बाजूंनी काढत आत यायचं. मधे उंटाच्या पाठीसारखा उंचवटा राहतो, तो शेवटी पातळ पातळ सालपं काढत उतरवायचा. घाई केली तर कड फुटली. आळस केला तर तळ वाकडा. नेम चुकला तर फळी एक तर जात नाही, नाहीतर आत जाऊन खुळखुळते.

फळी जात नसली आणि मी मोगरीनं ठोकायला लागलो, की आण्णा लांबनं ओरडायचा, "म्हाद्या, तिला घरात जायचंय, तुरुंगात न्हाय!" आणि सैल झाली तर जवळ येऊन बोटानं हलवून बघायचा. "ही धर्मशाळा झाली की रं. कुणीबी यावं, कुणीबी जावं." हे कोल्हापुरातल्या सगळ्या शाहूपुरीला ऐकू जाईल अशा आवाजात. मी त्या वेळी दोन लेकरांचा बाप होतो, पण त्याच्यापुढं म्हाद्याच. मी त्याला आण्णा म्हणायचो.

आण्णा निपाणीच्या पलीकडचा. घरात कानडी, दारात मराठी. बुटका, रुंद, आणि हात शरीरापेक्षा एक माप मोठे. काम मनासारखं झालं की "हौदप्पा" म्हणायचा, म्हणजे होय रे बाबा. वर्षातनं चारदोनदा ऐकायला मिळायचं. कानावर पेन्सिल त्यानं कधी ठेवली नाही. म्हणायचा, पेन्सिलीची रेघ जाड, तिच्या अलीकडच्या काठावर कापायचं का पलीकडच्या, हे ठरवण्यात निम्मं आयुष्य जातंय. चाकूची रेघ मारावी. तिला काठच न्हाय.

आमची ओळख झाली सिनेमाच्या स्टुडिओत. त्या काळात कोल्हापुरात सुताराला काम नसलं की तो स्टुडिओची वाट धरायचा. तिथं राजवाडे उभे करायचे, पुढनं लाकूड, मागनं गोणपाट. खिळे पसाभर घ्यायचे आणि ठोकत सुटायचं, कारण आठवड्यानं तो राजवाडा मोडून त्याचाच तुरुंग करायचा असायचा. मी आपला ठोकत होतो. हा शेजारी बसून एका दाराच्या चौकटीला खोबणी पाडत होता, चाकूनं रेघ मारून. वर दाणा फुंकत होता.

सेटवरचा साहेब आला. म्हणाला, "अहो मिस्त्री, संध्याकाळी शूटिंग आहे. कॅमेऱ्याला यातलं काही दिसणार नाही."

आण्णानं मान वर केली नाही. "कॅमेऱ्याला न्हाय दिसत. पर दाराला दिसतंय की."

"मग दारालाच मागा पगार," साहेब म्हणाला.

सगळे हसले. आण्णापण हसला. हसत हसत त्यानं हत्यारं पिशवीत भरली, चौकट होती तशी अर्धी ठेवली आणि फाटकातनं बाहेर पडला. मला काय झालं कुणास ठाऊक, मीपण माझी पिशवी उचलली आणि मागनं चालायला लागलो. स्टेशनाजवळ आल्यावर त्यानं वळून बघितलं.

"तू कुठं निघालास पावणं?"

"तुमच्यासंगं."

"मी कुठं निघालोय, मलाच ठावं न्हाय."

"तरीबी."

हा माणूस खोटं काम करणार नाही, हे मी त्या दिवशी मनाशी धरलं. मी मराठी तिसरी शिकलेला माणूस. एकदा धरलं की सोडायला मला येत नाही. हे पुढचं वाचताना ध्यानात ठेवा.

शाहूपुरीत एका वखारीच्या मागं आम्ही पत्र्याची शेड घेतली. कपाटं, देव्हारे, दुकानांच्या मांडण्या. आण्णा थोडं करायचा, पण करायचा ते बघायला लोक थांबायचे. आमच्या शेडचा एक रिवाज होता, तो आण्णानंच पाडलेला. माल उचलायच्या आधी त्याला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आणि मग मिस्त्रीनं मालावर उजवा हात ठेवून गिऱ्हाइकादेखत शब्द द्यायचा. आण्णाचा शब्द ठरलेला. "यात खिळा न्हाय, भरणा न्हाय, खोट न्हाय. माझी जबान." एवढंच. भरणा म्हणजे फट बुजवायला घातलेल्या चिपा नाहीतर लगदा. मग हात काढायचा. हात काढेपर्यंत हमालानं मालाला शिवायचं नाही.

एकदा गुळाच्या अडत्याचं कपाट तयार झालं. त्याच्या मुलीच्या लग्नातलं. बैलगाडी दारात, नारळ फुटलेला, हळदकुंकू लागलेलं. आण्णानं हात ठेवला आणि बोलेचना. मग हात काढला, एक फळी ओढून बाहेर घेतली, खोबणीत दाणा ठेवला, फुंकला. दाणा मधेच थांबला.

"गाडी परत न्या," आण्णा म्हणाला.

अडत्या खवळला. "अहो, उद्या लग्न हाय! दाण्याचं काय घेऊन बसलाय? माझ्या पोरीला कपाटात साड्या ठेवायच्यात, जोंधळा न्हाय पेरायचा!"

"मग शब्दाशिवाय घेऊन जावा. मी बोलणार न्हाय."

अडत्या तणतणत गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः गाडीबरोबर आला. तोवर आण्णानं तळ साफ केला होता. हात ठेवला, शब्द दिला. मग तो अडत्याच गावभर सांगत सुटला, की मिस्त्री बोलला म्हणजे बोलला. त्या शब्दावर आमची शेड चालत होती. लाकूड सगळ्यांकडं होतं.

संस्थान जाऊन मुंबई सरकार आलं, त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात आण्णा हातगाडीवरनं एक मोटर घेऊन आला. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची. तिला पट्टा जोडून त्यानं टेबल केलं, टेबलाच्या मधल्या फटीतनं गोल करवतीचं पातं वर आलेलं. तशी यंत्रं दुसऱ्या एकदोन कारखान्यांत होती, त्यात नवल नव्हतं. पण पात्याची चीर बारीक. रुंद खोबण पाडायची तर फळी जराजरा सरकवत शेजारीशेजारी चिरा घ्यायच्या, आणि मग मधली पानं पटाशीनं उडवायची. सगळे तसंच करायचे.

आण्णानं वेगळंच केलं. पात्याच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या चकत्या बसवल्या, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, पाचरीसारख्या. त्यामुळं पातं दांड्यावर तिरकं बसलं. मोटर चालू केली, की ते सरळ फिरायच्या ऐवजी डावीउजवीकडं झोकांड्या खात फिरायचं, आणि एकाच दमात सहा सुतांची, म्हणजे पाऊण इंचाची, खोबण पाडून जायचं. तळ तव्यासारखा जरा खोलगट यायचा, तेवढा पटाशीनं सपाट करायचा. बाकी काम दिवसाचं घटकेवर आलं.

पहिल्यांदा चालू केली तेव्हा गल्ली जमली. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, "मिस्त्री, मशीन प्यालीया काय हो?"

"प्यालीया," आण्णा म्हणाला, "पर चालती सरळ. तुझ्यासारखं न्हाय."

तेव्हापासून तिचं नाव दारुडी. आण्णानं दारूच्या थेंबाला कधी शिवलं नव्हतं, पण दारुडीवर त्याचा असा जीव, की सकाळी आला की आधी तिच्या टेबलावरनं हात फिरवायचा. लोक बघायला आले की दाढी करून आल्यासारखा उभा राहायचा.

मी एकच म्हणालो. "आण्णा, चकत्या लोखंडाच्या करून घेऊ या. लाकडाच्या टिकायच्या न्हाईत."

"लोखंडाला काय कळतंय?" तो म्हणाला. "लाकूड कापायला लाकडाचाच आधार पायजे. आंब्याच्या हाईत चकत्या, निब्बर. तू आपलं खुणा मारायचं बघ."

खुणा मारायचं काम त्यानं त्याच सुमाराला माझ्याकडं दिलं होतं. "तुझा हात आता बसलाय," असं म्हणाला होता. मी आपला फुगून गेलो होतो.

आता वाचनालयाचं. शिवाजी पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत एक वाचनालय होतं. ते चालवायचे एक निवृत्त मास्तर, धोतर, कोट, टोपी, आणि बोलताना समोरच्याला "आपण" म्हणायचे, मग तो हमाल का असेना. त्यांची जुनी मांडणी खिळ्यांची होती. खिळे गंजले, फळ्या लोंबल्या, पुस्तकांना तांबडे डाग पडले. शिवाय जागा भाड्याची, आज इथं तर उद्या तिथं. म्हणून त्यांना फळ्या काढून, गठ्ठा बांधून नेता येतील अशी मांडणी पाहिजे होती.

सागवान मिळत नव्हतं. मग मास्तर पेठेत घरोघर हिंडले. कुणी जुनं दार दिलं, कुणी तुळई, कुणी पाळण्याची कडी लावलेला वासा. तालमीतल्या पोरांनी ते सगळं खांद्यावरनं आमच्या शेडमधे आणून टाकलं. एक म्हातारी तर आपल्या दारामागनं चालत आली होती. दार खाली ठेवल्यावर तिनं त्याला हात लावला आणि आण्णाला म्हणाली, "बाबा, ह्या दारातनं मी लक्षुमी म्हणून आत आलते. नीट कर."

"करतो, अव्वा," आण्णा म्हणाला. अव्वा म्हणजे कानडीत आई.

मी सगळ्या खुणा मारल्या. फळ्या मी रंधल्या. खोबणी आण्णा दारुडीवर घेणार होता. मधेच मला हिवतापानं धरलं आणि मी घरी आडवा झालो. बाहेर पाऊस लागून राहिला होता, भिंतींना ओल आली होती, शेडमधे तर पत्र्यातनं नुसतं घामेजून यायचं. आठपंधरा दिवसांनी काठी टेकत शेडवर गेलो तर मांडण्या उभ्या. एकट्यानं जोडलेल्या, चौकटी वरखाली पाचरी मारून आवळलेल्या, पॉलिशचा हातसुद्धा फिरलेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, "आण्णा, माझ्यासाठी थांबायचं होतं."

"तू बरा झालास न्हवं," तो म्हणाला आणि दारुडीच्या टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकला.

माल उचलायच्या दिवशी मास्तर आले, तालमीतली पोरं आली, ती म्हातारीही आली. नारळ फुटला. हळदकुंकू लागलं. सगळे आण्णाकडं बघायला लागले. आण्णानं पान लावलं होतं. तोंडात रस धरून त्यानं मला पुढं ढकललं.

"म्हादबा, आज तू बोल."

म्हाद्या नाही. म्हादबा. सगळ्यांदेखत.

तुम्हाला काय सांगू. मला वाटलं, आज मी मिस्त्री झालो. मी हात ठेवला. आण्णाचा ठरलेला शब्द बोललो. यात खिळा न्हाय, भरणा न्हाय, खोट न्हाय. आणि एवढ्यावर थांबलो नाही. छाती भरून आली होती, पुढं म्हणालो, "यातनं एक खिळा निघाला, तर ह्या हातानं मी परत पटाशी धरणार न्हाय. माझी जबान."

पोरांनी टाळ्या पिटल्या. मास्तरांनी नमस्कार केला. म्हातारीनं माझी दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली. मी आण्णाकडं बघितलं, तो "हौदप्पा" म्हणेल म्हणून. तो शेडच्या बाहेर जाऊन थुंकत होता.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी वाचनालयाच्या खोल्यांना चुना काढायचा ठरला. मांडण्या हलवायच्या होत्या. मास्तरांचा निरोप आला आणि मी एकटाच गेलो, मोगरी घेऊन. आण्णा म्हणाला होता, "जाऊ नगंस, पोरं हलवतील आख्खी." मी म्हणालो, आख्खी कशाला, फळ्या काढून दाखवतो की, त्यासाठीच तर केल्यात.

पुस्तकं काढलेली. पोरं भोवती उभी. मी मागच्या अंगानं फळीला हलकी थाप दिली. हलली नाही. दुसरी दिली. नाही. मी मास्तरांना म्हणालो, "बघा, कशी बसलीया. सुईला वाट न्हाय."

मास्तर कौतुकानं हसले. मी मोगरीनं जोरात मारली. आणखी एक. एक पोरगं म्हणालं, "मिस्त्री, मी मारू काय?" मी म्हणालो, "बाजूला हो, हे ताकदीचं काम न्हाय." आणि मारली. फळी कर्रर्र करून सुटली, माझ्या हातात आली. तिच्या टोकातनं खिळा बाहेर आला होता. वाकडा, आणि पॉलिशच्या वासाचा, म्हणजे शेडमधेच मारलेला. खोबणीत फळीच्या वर आणि खाली अर्ध्या अर्ध्या सुताच्या पातळ चिपा घातलेल्या होत्या, त्या खाली पडल्या.

 मी दुसरी फळी काढली. तिसरी. मांडणी आडवी करून बाहेरच्या अंगाला नखानं खरवडलं, तर भुसा आणि सरसाचा लगदा निघाला, आणि त्याखाली खिळ्याचं डोकं. सगळ्या फळ्यांना तेच. ज्या अंगाला मांडण्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, त्याच अंगानं मारलेले. मला खोबण जोखता येते. खोबणी एक सूत रुंद झाल्या होत्या. धर्मशाळा.

मास्तर हळूच म्हणाले, "असू द्या. आपल्याला माहीत नसेल."

हे ऐकून मला चाबूक बसला असता तर बरं वाटलं असतं.

शिवाजी पेठेतनं शाहूपुरीपर्यंत मी कसा गेलो, मला आठवत नाही. खिळा मुठीत होता. आण्णा दारुडीवर फळी सरकवत होता. मी पट्टा खाली ओढला. पातं झोकांड्या खात खात थांबलं. मी खिळा टेबलावर ठेवला.

त्यानं खिळ्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. "निघाला व्हय?"

"तुम्हाला ठावं होतं."

"मीच मारल्यात, मला ठावं नसंल व्हय?" तो स्टुलावर बसला. "पावसानं चकत्या फुगल्या, म्हाद्या. जाड बाजू जास्त फुगली. पातं जास्त तिरकं झालं. मला दिसलंच न्हाय. सगळ्या उभ्या फळ्या झाल्यावर पहिली आडवी घालून बघितली, तर खुळखुळ. लोकांच्या दारांचं लाकूड. दुसरं कुठनं आणणार हुतो? त्या म्हातारीला काय सांगणार हुतो?"

"मला सांगायचं. दोघांनी बसून पट्ट्या चिकटवून पुन्हा हातानं पाडल्या असत्या."

"आणि लोकांनी ईचारलं असतं, एवढ्या मशीनचं काय झालं?"

तेवढ्यासाठी.  कॅमेऱ्याला दिसत न्हाय पर दाराला दिसतंय म्हणणारा माणूस समोर बसला होता.

"ते जाऊ दे," मी म्हणालो. "खिळे मारलात ते मारलात. मला बोलायला का लावलं?"

त्यानं टेबलावरचा भुसा हातानं झाडला. मग जे बोलला ते शब्द मला आजपण पाठ आहेत.

"माझ्या तोंडातनं निघालं नसतं, म्हाद्या. हात ठेवून खोटं मला बोलता येत न्हाय. तुला ठावं न्हवतं. म्हंजे तू खोटं बोलला न्हाईस. मी बोललोच न्हाई. कुणीच खोटं बोललं न्हाई."

"आणि मला आधी सांगितलं असतं तर?"

"तर तू बोलला असतास काय?"

असा हिशोब. एवढा हुशार माणूस, एवढे मोठे हात, आणि त्यानं माझ्या अडाणीपणाची चकती करून आपल्या पात्याला लावली. मी शपथ घेत होतो तेव्हा तो थांबवू शकला असता. "पटाशी धरणार न्हाय" असं मी म्हणालो तेव्हा नुसतं खाकरला असता तरी चाललं असतं. त्यानं थुंकायला जागा शोधली.

मी माझ्या पटाश्या गोळा केल्या, तेलाच्या फडक्यात गुंडाळल्या. तो म्हणाला, "येडा हाईस काय? बोलण्यातलं बोलणं ते. त्या मास्तरच्या बी ध्यानात नसंल."

"माझ्या हाय," मी म्हणालो.

घरी येऊन पटाश्या माळ्यावर टाकल्या. बायकोला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "तुमच्या शब्दाची भाजी करून घालू का पोरास्नी?" रास्त बोलली ती. चार दिवसांनी मास्तर स्वतः दारात आले. म्हणाले, "शब्द मला दिलात. मी तो सोडतो. आपण मोकळे." मी त्यांना चहा दिला. म्हणालो, "तुम्ही सोडला असंल मास्तर. मी सोडायचाय अजून." तो सोडला नाही. वखारीत लाकूड निवडायला लागलो. ओंडक्याला टिचकी मारायची आणि आत कीड आहे का पोकळी, ते सांगायचं. हातात टेप असायचा, खडू असायचा. पटाशी नाही. तीस वर्षं त्याच कामावर पोरं मोठी केली.

आण्णानं दोनचारदा माणूस धाडला. एकदा स्वतः वखारीच्या फाटकाशी आला, उन्हात उभा राहिला. मी ओंडके मोजत राहिलो. थोड्या वेळानं मान वर केली तेव्हा फाटक मोकळं होतं. शेड त्यानं एकट्यानं चालवली. कानावर यायचं, की तो माल उचलताना आता हळदकुंकू लावतो, नारळ फोडतो, पण हात ठेवत नाही.

वाचनालयाच्या गल्लीनं मी जात नव्हतो. लांबनं वळसा घालून जायचो. एकदाच गेलो, आठदहा वर्षांनी. पलीकडच्या घराला वासे पाहिजे होते, मापं घ्यायला जायचं होतं. दुपारची वेळ, वाचनालय बंद असायची वेळ, पण दार किलकिलं होतं आणि आतनं आवाज येत होता. पटाशीचा. लाकडावरचा तो आवाज मला झोपेतही ओळखू येतो. मी दाराशी थांबलो.

जमिनीवर आमच्यातलीच एक मांडणी मोडून पसरली होती. एका ताटलीत उपसलेले खिळे. आण्णा मांडी घालून बसला होता, बारीक झालेला, चष्मा दोऱ्यानं कानामागं बांधलेला. खोबणीच्या कडेला त्यानं सागाची नवी पट्टी चिकटवली होती आणि जागा हातानं पुन्हा पाडत होता. डोळे लाकडाला टेकतील एवढा वाकून. पटाशीची धार रेघेवर ठेवायच्या आधी तो डाव्या अंगठ्यानं रेघ चाचपायचा, आंधळी माणसं उंबरा चाचपतात तशी. तेव्हा मला कळलं, की खुणा मारायचं काम त्यानं मला का दिलं होतं. हात बसला होता तो माझा. पण अधू झाले होते ते त्याचे डोळे. आणि यंत्र का पाहिजे होतं, तेही कळलं. कळलं म्हणून काही पुसलं गेलं नाही. खिळे त्यानं उपसले, बरं केलं. माझं बोललेलं कोण उपसणार होतं?

त्यानं खिशातनं दाणा काढला, टोकाला ठेवला, फुंकर मारली. दाणा मधे थांबला. त्याला तो दिसला नाही. बोट फिरवून सापडवला, बाजूला केला, एक पातळ सालप काढलं. पुन्हा ठेवला. पुन्हा फुंकला. या वेळी दाणा सरळ पळत गेला, टोकावरनं उडाला, फरशीवर टणटणत आला आणि उंबऱ्याला, माझ्या पायाशी येऊन थांबला.

आवाजावरनं त्याला कळलं असावं, की खोबण पास झाली. "हौदप्पा," तो स्वतःशी म्हणाला. मग गुडघ्यांवर येऊन दाणा शोधायला लागला. ते मोठे हात फरशीवर फिरत होते, ताटलीला लागले, खिळे सांडले, परत फिरले. उंबऱ्यापासनं वीतभर लांब आले. तिथं थांबले.

दाणा मला दिसत होता. मी तो उचलला नाही, आत सरकवला नाही, पायाखालीही घेतला नाही. वहाणा वाजू न देता मागं फिरलो आणि पलीकडच्या घराची मापं घ्यायला गेलो.